दळलेल्या पिठाची परत ज्वारी होत नसते

(लातूरला इंजिनिअरिंगच्या पोरापोरींसमोर केलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

तर बघा, काही वर्षांपूर्वी मला एका क्लासवाल्यांनी फीचं सॉफ्टवेअर बंद पडलंय म्हणून बोलावलं, मी डेटाबेस उघडला अन् युजरच्या टेबलात पासवर्डचा कॉलम सरळ वाचता येत होता. कुणाचा बापाचा मोबाईल नंबर, कुणाचं गावाचं नाव अन् पुढं १२३, एका पोरीचा तर आईचं नाव अन् जन्मसाल. ऑफिसातला मुलगा माझ्या शेजारी उभा होता, मी पटकन विंडो खाली केली. कारण त्या लेकरांनी हाच पासवर्ड जीमेललाही ठेवला असणार, आपण सगळेच तसं करतो.

आता काही जण म्हणतात, सर आम्ही एन्क्रिप्ट करतो. अरे पण ते कुलूप झालं, अन् किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवली तर चोर दोन्ही घेऊन जाणार. पासवर्डचं दळण करायचं असतं, म्हणजे हॅश. ज्वारी दळली की पिठाची परत ज्वारी होत नाही. लॉगिनच्या वेळी माणूस पासवर्ड टाकतो, तो पुन्हा दळायचा अन् पीठ जुळतंय का तेवढं बघायचं, मूळ पासवर्ड आपल्याकडं राहतच नाही.

पण नुसतं दळून भागत नाही. दोघांचा पासवर्ड सारखा असला की पीठही सारखं निघतं, मग चोर आधीच लाखो पासवर्ड दळून यादी तयार ठेवतो. २०१२ ला लिंक्डइनचे हॅश बाहेर आले ते शा-१ या दळायच्या पद्धतीचे होते, सॉल्ट नव्हतं, म्हणून लोकांनी ते भराभर फोडले. सॉल्ट म्हणजे प्रत्येक युजरला वेगळी रँडम अक्षरं, ती पासवर्डात मिसळूनच दळायचं. ती हॅशच्या शेजारीच साठवली तरी चालतं, ते गुपित नाही.

अन् इथं सगळ्यात महत्त्वाचं सांगायलो, नीट ऐका. एमडी-५, शा-२५६ या दळायच्या पद्धती म्हणजे फास्ट गिरणी आहे, चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी पासवर्ड दळून बघतं. आपल्याला पाहिजे हातानं फिरवायचं दगडी जातं. १९९९ ला आलेलं बीक्रिप्ट हे तसलं दळण, मुद्दाम हळू आहे, त्यातला कॉस्ट नावाचा आकडा एकनं वाढवला की वेळ दुप्पट. युजरला लॉगिनला पाव सेकंद जास्त लागला तर कळत पण नाही, चोराला मात्र प्रत्येक अंदाजाला तेवढंच थांबावं लागतं. नवीन प्रोजेक्ट असेल तर आर्गॉन-२ चा आर्गॉन-२-आयडी हा प्रकार घ्या, आर्गॉन-२ नं २०१५ ला पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकली, ते मेमरी पण भरपूर खातं. फक्त स्वतः काही बनवू नका, पीएचपी भाषेत पासवर्ड_हॅश अन् पासवर्ड_व्हेरिफाय ही फंक्शनं तयार आहेत, सॉल्ट तेच टाकतात. अजून एक, बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं, अन् यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठीचं एक अक्षर, एक मात्रा सुद्धा ३ बाइट खाते, म्हणजे २४ चिन्हांतच हिशोब संपला.

त्या क्लासवाल्यांचं काय केलं? आहे ते सगळे पासवर्ड एका रात्रीत बीक्रिप्टनं दळले, जुना कॉलम काढला, जुने बॅकअप पण शोधून शोधून पुसले, ते लोक विसरतात. तुमच्याकडं जुने एमडी-५ असतील तर त्याच हॅशवर बीक्रिप्ट चढवा अन् युजर पुढच्या वेळी लॉगिन झाला की सरळ पासवर्डाचा नवा हॅश करून ठेवा. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणलं की जुना पासवर्ड मेसेजमध्ये यायचा ते बंद केलं, आता एकदाच चालणारी, थोड्या वेळात संपणारी लिंक जाते.

लॅपटॉप आणलेत ना? काढा, आपापल्या प्रोजेक्टचा युजर टेबल उघडा, मी एकेकाकडं येतो.