गाळलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

चर्चमधली रविवारची उपासना म्हटली की गीतं, वचनपाठ, उपदेश यांची तयारी आठवडाभर चालते. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागायची, प्रार्थना मात्र ऐन वेळी कुणाच्या तरी गळ्यात पडते. जेमतेम चार-पाच मिनिटांचा भाग. पण जगातलं दुखणं उपासनेत शिरतं ते याच दारानं. म्हणून आज या प्रार्थनेबद्दल, आणि तिच्यातून गाळलेल्या एका शब्दाबद्दल.

१४ नोव्हेंबर १९४०ची रात्र. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर. जर्मन विमानं आली आणि सेंट मायकल कॅथीड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, छपरावर आगलावे बॉम्ब पडू लागले. आग विझवायला चौघंच. कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड, पाथरवट जॉक फोर्ब्ज आणि दोन तरुण. हाताशी वाळू आणि बादल्या. छपरावर शिशाचा पत्रा, खाली जुनं लाकूड. बॉम्ब पत्र्यातून आत गेला की वरून टाकलेल्या वाळूचा उपयोग नाही. पत्रा फोडायचा, मग वाळू ओतायची. एक विझवावा तोवर दुसरा. शेवटी चौघांना खाली उतरावं लागलं. उजाडलं तेव्हा उभे होते मनोरा आणि बाहेरच्या भिंती. शहरात पाचशेहून जास्त माणसं दगावली होती.

ढिगाऱ्यात फोर्ब्जना दोन जळके वासे एकावर एक आडवे पडलेले दिसले. त्यांनी ते बांधले, क्रूस उभा केला. आर्थर वेल्स नावाच्या पाळकांनी छपराचे तीन जुने खिळे तारेनं जोडून दुसरा क्रूस केला. आणि सहा आठवड्यांनी, नाताळच्या दिवशी, त्याच पडक्या भिंतींतून हॉवर्ड रेडिओवर बोलले. हो, रेडिओवर! आमच्या धंद्याला एवढा अभिमान चालतो. तर हॉवर्ड म्हणाले त्याचा आशय असा, की कितीही जड गेलं तरी सुडाचा विचार मनातून काढायचा प्रयत्न आम्ही करतो आहोत. युद्ध तेव्हा चालूच होतं, ऐकणाऱ्यांच्या घरातली माणसं मरत होती. सगळ्यांना ते रुचलं असेल असं नाही.

१९४८ साली वेदीमागच्या भिंतीवर अक्षरं कोरली: 'पित्या, क्षमा कर.' आता बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान आठवा, अध्याय २३, वचन ३४. क्रूसावरून येशू म्हणतो, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' भिंतीवर 'त्यांना' नाही. पुन्हा सांगतो, 'त्यांना' हा शब्द नाही. तो मुद्दाम गाळला. 'सर्वांनी पाप केले आहे' हे रोमकरांस पत्रातलं वचन त्यामागं आहे. बॉम्ब टाकणारेही क्षमेच्या रांगेत, आणि ज्यांचं देऊळ जळलं तेही.

१९५८ साली तिथलेच एक धर्मगुरू, कॅनन जोसेफ पूल यांनी त्यावरून समेटाची प्रार्थना रचली. सात विनंत्या: राष्ट्राराष्ट्रांतला, वंशावंशांतला द्वेष, दुसऱ्याच्या श्रमांवर पोसलेला लोभ, कैदी, बेघर आणि निर्वासितांविषयीची बेफिकिरी, अशा. प्रत्येकीनंतर मंडळीचा एकच प्रतिसाद, 'पित्या, क्षमा कर.' दर शुक्रवारी दुपारी बाराला ती त्या भग्न भिंतींत होते. १९६५ साली कॉव्हेंट्रीचे तरुण जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेले, तिथलं बॉम्बनं पडलेलं इस्पितळ बांधायला मदत करायला.

वेळ फार गेला, पण गोष्टच तशी आहे.

आता प्रार्थना लिहिणाऱ्यांसाठी. विनंत्या पाच ते सात, प्रत्येकी दोन-तीन छोटी वाक्यं. प्रतिसाद एकच, चार शब्दांच्या आतला, शेवटपर्यंत तोच. प्रतिसाद बदललात की लोक कागदात डोकं घालतात. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची भाषा वेगळी आहे, ते गप्पच राहतात. वाक्य छोटं, प्रतिसाद तोच. युद्धाचं नाव घेतलंत तर दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी मागा. आजाऱ्याचं नाव त्याला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आजार तर मुळीच सांगू नका.

बिघडतं कुठं? एक म्हणजे प्रार्थनेची बातमीपत्रं होतात. देवाला भूकंपाचे आकडे सांगायची गरज नसते. दुसरं, उपदेश कमी पडला असं वाटून तो इथं पुरा केला जातो. तिसरं सगळ्यात वाईट: आशेची घाई. दुःख उच्चारलं न उच्चारलं तोच 'तरीही आम्ही आनंद करतो' सुरू. बायबलमधलं स्तोत्र १३ काढून बघा, पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर?' असं चार वेळा देवाला विचारलेलं आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेतून कुणी काढलेलं नाही. ज्याला आपण हाक मारतो आहोत तो ऐकतो, एवढा विश्वास त्या तक्रारीत असतोच.

प्रत्येक विनंतीनंतर शांतता हवी. त्या वेळी कीबोर्डवाल्यांनी बोटं आवरावीत, मागून हळू सूर नकोत. पुढाकार घेणाऱ्यानं मनात वीस मोजायचे. सात-आठला कुणीतरी खोकेल, एखादं मूल काहीतरी विचारेल. मोजत राहायचं, वीसपर्यंत.

नमस्कार.