खारपाणपट्ट्यातले लाल सोने

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचा घोट घेतला की आधी जिभेला मीठ लागते. याच पट्ट्यातल्या तालुक्याच्या एका गावी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी लोह आणि सोने एकत्र आणून चुंबकाने ओढला जाणारा आणि प्रकाशातला ठरावीक रंग शोषणारा कण घडवते आहे.

सोने पिवळे, ही ओळख दागिन्यापुरती खरी. त्याचा कण सुमारे 20 नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढा झाला की त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका लयीत हेलकावतात, 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी 1857 साली या लाल रंगाचे मूळ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांत असल्याचे मांडले होते.

असेच लाल द्रावण असलेल्या परखनळीत तिने आता विहिरीचे पाणी घातले आहे. कणांवर बसलेल्या सायट्रेट या रेणूंच्या ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहणारे कण क्षारांमुळे जवळ येऊन चिकटतात आणि लाल द्रावण पाहता पाहता जांभळट, मग निळसर होते. म्हणूनच इथे प्रत्येक भांडे अम्लराजाने, म्हणजे सोनेही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणाने, धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने पुनःपुन्हा विसळले जाते. या गावात ते पाणी जपून वापरावे लागते.

तिच्या कणाचा गाभा मात्र लोहाचा आहे. फेरिक आणि फेरस क्षार दोनास एक या प्रमाणात विरघळवून त्यात अमोनिया सोडला की क्षणात काळा साका तयार होतो, तोच मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे चुंबकाने ओढले जाणारे ऑक्साइड. हवेतील ऑक्सिजनने तो तपकिरी पडू नये म्हणून चंबूतून नायट्रोजन सोडलेला असतो. नेहमीचा चुंबकीय ढवळक इथे चालत नाही, कारण सारे कण त्याच्या कांडीलाच जाऊन बसतात. त्यामुळे वरून सोडलेल्या पात्याने ढवळावे लागते.

मॅग्नेटाइटवर सोने सहजासहजी धरत नाही. त्यासाठी आधी सिलिकाचा पातळ थर, त्यावर सोने धरून ठेवणारा अमाइन हा नायट्रोजनयुक्त गट असलेले रेणू आणि त्यांना चिकटणारे दोन-तीन नॅनोमीटरचे सुवर्णबीज, असा क्रम असतो. पुढे सुवर्णक्षार आणि त्यातून धातुरूप सोने मोकळे करणारा क्षपणक थोडे थोडे घालत ही बीजे वाढवली की ती जुळून कवच तयार होते. गाभा तोच ठेवून कवच पातळ राखले, तर शोषण लाल आणि अवरक्त प्रकाशाकडे सरकते. जाड केले, तर ते पुन्हा दृश्य प्रकाशाकडे येते. जवळचा अवरक्त प्रकाश शरीराच्या ऊतींत दृश्य प्रकाशापेक्षा खोल पोहोचतो, म्हणून वैद्यकीय संशोधकांना पातळ कवचात विशेष रस आहे. तथापि सोने वाढले की कण जड होतो, चुंबकाची ओढ तेवढीच राहते, आणि तो सावकाश सरकतो. ही सांगड घालणे हेच या कामातले खरे कसब आहे, असे तिच्या कामाचे चित्रीकरण करताना आम्हांला जाणवले.

आता शेवटची परीक्षा. नळीच्या बाजूला चुंबक टेकवून ती थांबली आहे. द्रव लालच राहिला, तर सोने लोहावर न बसता वेगळेच तयार झाले, असे समजायचे. काही मिनिटांत काचेवर गडद ठिपका धरू लागतो आणि उरलेले पाणी हळूहळू नितळ होत जाते.