बर्गरचा मसाला आत नको, वर!

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला की घरांच्या मागच्या अंगणात ग्रिल पेटतात आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत पेटत राहतात. त्या ग्रिलवरचा ठरलेला पदार्थ म्हणजे हॅम्बर्गर. तिकडच्या मराठी घरांतही तो होतो, आपल्याकडेही आता हौसेने होतो, आणि दोन्हीकडे एकच तक्रार ऐकू येते: घरचा बर्गर कोरडा होतो, चिवट होतो. माझ्या मते याचं मूळ आपल्या खिम्याच्या सवयीत आहे.

खिमा समोर आला की आपला हात आपसूक आलं-लसणाकडे जातो. मग कोथिंबीर, गरम मसाला, अंडं, भिजवलेला पाव, मीठ, आणि वर सगळं छान मळून घ्यायचं. कबाबाला हे हवंच, कारण सळईवर टिकायचा तर खिमा घट्ट हवा. बर्गरला नेमकं उलट हवं. मीठ खिम्यात कालवलं की मांसातली प्रथिनं विरघळून चिकट होतात, मळल्यावर एकमेकांना घट्ट धरतात, आणि खिमा दाट, रबरी होतो. म्हणून आत काही म्हणजे काही घालायचं नाही. तुमची सगळी हौस वरच्या थरांत पुरवून घ्या. तिथे हात मोकळा सोडायला भरपूर जागा आहे.

आधी मांसाचं बघू. अमेरिकेत खिम्याच्या पाकिटावर ८०/२० असं छापलेलं असतं, म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी. बर्गरला हेच प्रमाण हवं. तब्येतीच्या काळजीने ९३/७ चं पाकीट उचललं तर रस यायचा कुठून? हा खिमा बहुधा गाईबैलाच्या खांद्याच्या मांसाचा असतो. ज्यांच्या घरी गोमांस चालत नाही त्यांनी मेंढीचा खिमा घ्यावा, फार सुरेख बर्गर होतो. आपल्याकडचं बोकडाचं मटण मुळात कमी चरबीचं, तेव्हा खाटकाला सांगून खिम्यातच चरबी घालून घ्या. चिकन असेल तर छातीचं नको, मांडीचं घ्या.

खिमा फ्रिजमधून थेट वापरायचा. हाताच्या उबेने चरबी मऊ पडली तर ती भाजण्याआधीच निसटते. साधारण १५० ग्रॅमचा गोळा घ्या, हलक्या हाताने चपटा करा, पावापेक्षा बोटभर रुंद, कारण तो भाजताना आकसतो. मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करा. कडा आधी आकसतात आणि मधला भाग फुगून वर येतो. खळगा असला की टिक्की सपाट राहते. मीठ आणि मिरपूड तव्यावर टाकायच्या क्षणी, फक्त वरून, सढळ हाताने.

बिडाचा तवा असेल तर उत्तम. तो चांगला सणसणीत तापू द्या. टिक्की टाकली की चर्र आवाज यायला हवा आणि खालची बाजू गडद तपकिरी व्हायला हवी, चव तिथेच तयार होते. आणि कृपा करून उलथन्याने दाबू नका! तो फसफसणारा आवाज कानाला गोड लागतो, पण तव्यावर सांडतो तो तुमचा रस असतो. अमेरिकन कृषी खात्याच्या शिफारशीप्रमाणे लाल मांसाचा खिमा आतून ७१ अंश सेल्सियसला पोहोचायला हवा, चिकनचा ७४ अंशांना. छोटा थर्मामीटर घेऊन ठेवा. अंदाजाने जास्त भाजण्यात फार बर्गर वाया जातात.

आता वरच्या थरांकडे येऊ. ओक्लाहोमातल्या एल रिनो गावात कांद्याचा बर्गर मिळतो. मांस महाग आणि कांदा स्वस्त अशा, शंभर वर्षांपूर्वीच्या तंगीच्या काळातली ही युक्ती. मूठभर कांदा कागदासारखा पातळ चिरून कच्च्या टिक्कीवर टाकतात, तव्यावर दाबतात आणि उलटतात. कांदा चरबीत तळला जातो, कडांना करपतो, मधे गोड होतो. इथे दाबणं चालतं, कारण ते अगदी सुरुवातीला, चरबी वितळायच्या आधी होतं.

न्यू मेक्सिकोत हिरवी मिरची भाजून, सोलून, चिरून चीजखाली घालतात. तिथल्या हॅच खोऱ्यातली मिरची प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या शेवटी जाळीच्या फिरत्या पिंपात मिरच्या भाजतात तेव्हा तो वास सगळ्या बाजारात भरून राहतो. मिझुरीतल्या सेडेलिया गावाने तर बर्गरवर पीनट बटर घातलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण गरम टिक्कीवर ते वितळून सॉस होतं. ऑस्ट्रेलियात बिटाची आंबट चकती, तळलेलं अंडं आणि अननस घालतात. बिटाच्या त्या आंबटपणाने तुपकट तोंड लगेच साफ होतं, मला ते फार आवडतं. आणि आत काही भरायचंच असेल तर मिनियापोलिसची ज्युसी ल्युसी करा: दोन पातळ टिक्क्यांमध्ये चीज ठेवून कडा बंद करायच्या. एकाच सीडर अव्हेन्यूवरचे दोन बार तिच्या जन्मावर हक्क सांगतात. पहिला घास मात्र सावकाश घ्या, आतलं चीज जीभ पोळवतं.

न्यू मेक्सिकोची मिरची आणि सेडेलियाचा शेंगदाणा एकत्र आणा, की हाती काय येतं? आपला शेंगदाणे घातलेला ठेचा! मेंढीच्या किंवा मटणाच्या टिक्कीवर मी तोच घालते. मिरच्या आणि लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचे, भाजलेले दाणे आणि जाडं मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं, मग त्यात चमचाभर लोणी कालवायचं. लादीपाव आडवा कापून आतून लोण्यावर खरपूस भाजून घ्या, म्हणजे रसाने तो भिजून फुटत नाही. खाली कांद्याच्या चकत्या, त्यावर टिक्की, टिक्की गरम असतानाच ठेचा, आणि वर लिंबू पिळलेली काकडी. केचप टेबलावर आणूच नका.

नमस्कार.