पट्टी एक, वजावटी अनेक

सांगलीचं मार्केट यार्ड. राजापुरी हळदीचा सौदा निघालाय. बोली संपली, वजन झालं, की शेतकऱ्याचं सगळं लक्ष पट्टीच्या, म्हणजे विक्रीतून वजावटी काढून हाती किती येणार त्या हिशोबाच्या, कागदाकडे.

ही पट्टी आता कॉम्प्युटरवर निघते. प्रोग्रॅम लिहिलाय इथल्याच एका पोरानं. हळदवाल्यांना बारदानाचं वजन वजा हवं, बेदाणावाल्यांना बॉक्स, गूळवाल्यांना रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. मग प्रत्येक दुकानाला प्रोग्रॅमची वेगळी प्रत, आणि एकीतली दुरुस्ती दुसरीत राहून जायची.

त्यावर तोडगा प्लग-इनचा. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता बाहेरून जोडायचा तुकडा. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या प्रोग्रॅमनं ही सोय २००४ मध्ये दिली, तिथून तिचा पसारा किती वाढला ते आपण बघतोच.

फोल्डरमधल्या प्लग-इनच्या फायली उचलून चालू करणं पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत थोडक्या ओळींचं काम. खरी डोकेफोड पुढं. त्या तुकड्याच्या हाती द्यायचं काय? इथं त्याला मालाचा प्रकार, नग, वजन आणि दर एवढंच मिळतं. त्यानं परत द्यायच्या त्या वजावटीच्या ओळी. खतावणी त्याच्या हवाली केलेलीच नाही.

आणि प्लग-इन मध्येच बंद पडलं तर? शेतकऱ्याला मेसेज पाठवणारं असेल तर पट्टी छापून मोकळं व्हावं, मेसेज मागाहून जाईल. पण हमाली-तोलाई काढणारं अडकलं, तर पट्टी थांबलीच पाहिजे. दुकानात खोळंबा झालेला परवडला, चुकीची रक्कम नाही. सगळ्या एरर गुपचूप गिळणारा कोड म्हणूनच इथं घातक.

आज वजन किलोत दिलं जातं. उद्या ते क्विंटलमध्ये द्यायची लहर आली, तर बाहेरचे सगळे हिशोब शंभरपटीनं चुकतील, तेही कुठं एरर न दाखवता. म्हणून प्रत्येक प्लग-इनवर, ते या देवाणघेवाणीच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय, तो आकडा लिहावा लागतो. तो जुळला नाही तर ते चालूच होत नाही.

फायरफॉक्स ब्राउझरची जुनी ॲड-ऑन्स, म्हणजे असेच बाहेरून जोडायचे तुकडे, ब्राउझरच्या पार पोटात हात घालायची. आत काही बदललं की ती मोडायची. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७व्या आवृत्तीत, ती पद्धतच बंद झाली. लोक चिडले, पण दुसरा इलाज सोपा नव्हता.

इकडं गूळवाल्यांनी स्क्रीनवर स्वतःचं बटण मागितलंय. तूर्त नकार. हळदीचा हंगाम उरकला की बघू, असं ठरलंय.