धिंगरीचा हंगाम पिंजरापासून

(कोल्हापूर परिसरातील शेतकरी आणि महिला बचत गटांसमोरील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, अळिंबी, म्हणजे मशरूम म्हटलं की डोळ्यांपुढे येते हॉटेलातली बटण अळिंबी. तिचं कंपोस्ट लांब पद्धतीनं करायला जवळपास चार आठवडे लागतात आणि पीक येताना खोलीत 14 ते 18 अंश तापमान ठेवावं लागतं. कोल्हापुरात हे यंत्राशिवाय जमत नाही. भांडवल आणि भरवशाची वीज असेल त्यांनी खुशाल करावी. बाकीच्यांनी धिंगरीच, म्हणजे ऑयस्टर मशरूमच लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत 1962 साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेतली गेली. कंपोस्ट न कुजवता, नुसत्या काडावर येणारं हे पीक असल्यामुळेच ते आपल्याकडे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं.

धिंगरीला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ती आपोआप मिळते. मग अडतं कुठे? काडावर. पावसाळ्यातली धिंगरी आदल्या दिवाळीतच ठरते, कारण भाताची मळणी तेव्हा होते. मळणीनंतरचं ताजं, पिवळंधमक पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, कोरड्या जागी, जमिनीपासून वर, छपराखाली रचून ठेवा. उघड्या गंजीत भिजलेलं पिंजर काळपट होतं, त्यात आधीच बुरशी शिरलेली असते. गगनबावडा, राधानगरीकडे पिंजर भरपूर आहे, पण तिथे जनावरांचाही त्यावर हक्क आहे. शिरोळ, हातकणंगलेकडच्यांनी सोयाबीनचं भुसकट किंवा गव्हाचं काड वापरावं. उसाचं पाचट फुकट मिळतं, पण ते पाणी धरायला वेळ लावतं आणि उत्पन्न कमी देतं. घ्यायचंच तर पिंजरात थोडं मिसळा.

काडाचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून पोत्यात भरा आणि रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास भिजवा. पाणी निथळलं की 80 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. पोतं वर तरंगू देऊ नका, त्यावर वजन ठेवा. तरंगलेल्या भागाला उष्णता पोचत नाही आणि हिरवी बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात. ओळखीत गूळ उकळायची एखादी काहील मिळाली तर या कामाला उत्तम. फॉर्मालिन आणि कार्बेन्डाझिम या रसायनांनी काड निर्जंतुक करायचीही पद्धत आहे, पण खाण्याच्या पिकाला आणि घरातल्या बायकांच्या डोळ्यांना गरम पाणीच बरं.

यानंतर ओलावा बघायचा, आणि निम्मी पिकं इथेच बिघडतात. मूठभर काड घट्ट दाबा. हात ओला व्हावा, पण थेंब पडू नये; हा 65 ते 70 टक्के ओलावा. पाणी जास्त राहिलं तर पिशवीच्या तळाशी काड सडतं, आंबट वास येतो आणि धिंगरीची बुरशी पुढे सरकत नाही.

बियाणं म्हणजे स्पॉन, धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली धिंगरीची बुरशी. ते पांढरंशुभ्र, दाणे बुरशीनं बांधलेले असावं. पिवळं पाणी सुटलेलं किंवा हिरवा ठिपका असलेलं पाकीट परत करा. एक किलो कोरड्या काडाचं भिजून साधारण तीन किलो होतं. त्याला दोन टक्के, म्हणजे 60 ग्रॅम स्पॉन पुरतं. थरावर थर देत, कडेनं बी पेरत पिशवी दाबून भरा. तोंड बांधा, 25-30 छिद्रं पाडा. पंधरा ते अठरा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवली की पिशवी पांढरी होते. मग प्लॅस्टिक काढा आणि दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्यानं धुक्यासारखं पाणी द्या. आता हवा आणि उजेड लागतो. देठ लांब आणि टोपी बारीक आली तर खोली कोंदट आहे, खिडकी उघडा. टोपीवर पाणी साचून पिवळे, चिकट डाग पडले तर पाणी जास्त झालंय. टोपीची कड वर वळण्याआधीच धिंगरी पिरगळून तोडा. नंतर बीजाणू उडतात आणि रोज त्या खोलीत काम करणाऱ्याला खोकला, दम्याचा त्रास होतो. तोंडाला फडकं बांधाच.

एक किलो कोरड्या काडाच्या एका पिशवीतून सगळे तोडे मिळून साधारण 600 ते 800 ग्रॅम धरा. धिंगरी बाहेर एक दिवस टिकते, फ्रिजमध्ये दोन-चार दिवस. म्हणून शंभर पिशव्या एकदम भरू नका. आठवड्याला तीस भरल्या तर घडी बसल्यावर आठवड्याला 18 ते 24 किलो माल येत राहतो. तेवढा घेणारे आधी ठरवा. भरणीपासून पहिला तोडा साधारण 22 ते 25 दिवसांनी येतो. आषाढी एकादशीच्या सुमारास भरलेल्या पिशव्या श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तोडायला येतात, आणि गटारीनंतर बऱ्याच घरांत महिनाभर मटण शिजत नाही. धिंगरी चावायला घट्ट असते, तांबड्या रश्श्यात विरघळत नाही; हॉटेलवाल्याला कच्ची दाखवू नका, शिजवून चाखायला द्या.

उरलेला माल वाळवा. एक किलोतून सुमारे 100 ग्रॅम वाळलेली धिंगरी मिळते. कट्कन मोडेल इतकी वाळल्यावरच हवाबंद भरा, नाहीतर आर्द्र हवेत ती लगेच ओलावा ओढते. 'सगळा माल आम्हीच घेऊ' असं सांगून आधी मोठी रक्कम मागणाऱ्यांशी करार करताना खरेदीचा दर, प्रत आणि पैसे देण्याची मुदत कागदावर घ्या. तोडे संपलेल्या पिशव्यांचं काड गांडूळखताला वापरा, पण हिरवी पडलेली पिशवी दिसताच त्याच दिवशी शेडपासून लांब नेऊन पुरा.