तळघरातली झील

[पडद्यावर अंधार. रेकॉर्डवर सुई टेकल्याची खरखर. मग नुसते आवाज.]

शू-डू, शूबी-डू.

हा शब्द कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, तेव्हा त्या 'जी'चा अर्थ आपण कधी विचारतो का? पण झील काढून घ्या, पोवाडा जागच्या जागी बसतो. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्यात, शाळेच्या स्वच्छतागृहात, जिथे आवाज घुमेल तिथे उभी राहून अशीच झील धरायची. वाद्य नाही, कारण वाद्याला पैसे पडतात. एकानं पोटातून खर्ज लावायचा, दोघांनी मधले सूर सांभाळायचे आणि एकानं गाणं म्हणायचं. या गायकीला डू-वॉप हे नाव बरंच नंतर चिकटलं.

[दिवस. विटांची भिंत, चर्चचं दार. कॅमेरा हळूहळू आत जातो.]

कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन. या गावाचं नाव घेतलं की लोकांना येल विद्यापीठ आठवतं. आम्ही कॅमेरा तिकडे नेलाच नाही. आम्ही आलो ते सेंट बर्नाडेट चर्चमध्ये, आणि चर्चमध्येही वर प्रार्थनेच्या जागी न थांबता या पायऱ्यांनी खाली.

[पायऱ्या. कठड्यावर हात. पावलांचा आवाज.]

हे तळघर. फेब्रुवारी 1956 मध्ये 'इन द स्टिल ऑफ द नाइट' हे गाणं रेकॉर्ड करायला इथे चार गायक आणि मोजके वादक जमले होते. त्यांच्यापाशी एक टेपरेकॉर्डर होता. ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ परवडणारा नव्हता. त्यांच्यातला सॅक्सोफोन वाजवणारा व्हिनी मॅझेटा याच चर्चचा. त्यानं इथल्या धर्मगुरूंना विचारलं आणि त्यांनी जागा दिली. रॉक अँड रोलच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट एका होकारावर उभी आहे, म्हणून आम्ही या रिकाम्या खोलीत कॅमेरा इतका वेळ लावून बसलो.

[जुनं छायाचित्र: कोटातले तरुण. कॅमेरा एका चेहऱ्यावर थांबतो.]

हा फ्रेड पॅरिस. जन्म 1936. न्यू हेवनच्याच हिलहाउस हायस्कूलचा विद्यार्थी. शाळेच्या वयातच त्यानं स्कार्लेट्स नावाचं गायकांचं टोळकं जमवलं आणि 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रेड रॉबिन या छोट्या कंपनीसाठी रेकॉर्डही केली. मग सैन्यभरती आली. पोरं पांगली. फ्रेडची नेमणूक फिलाडेल्फियाला झाली. तिथून सुटी मिळाली की तो गावी यायचा आणि उरलेल्या, नव्या मित्रांना घेऊन पुन्हा गायला बसायचा. या नव्या गटाचं नाव ठेवलं फाइव्ह सॅटिन्स. आधीच्या नावात लाल रंग होता, या नावात रेशमी कापड आलं.

[धावत्या आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा किनारा. संध्याकाळ.]

हे गाणं अशाच एका परतीच्या प्रवासात सुरू झालं. सुटीचे दिवस एका मुलीच्या सहवासात गेले होते. वेस्ट हेवनच्या किनाऱ्यावर सॅव्हिन रॉक नावाची मोठी जत्रेसारखी करमणूक नगरी होती, तिथे त्यांची ओळख झाली होती. आज त्या नगरीतला एकही पाळणा उभा नाही, म्हणून पडद्यावर नुसता समुद्र आहे. फ्रेड गाडीत बसला, तळावर पोचला, आणि पोचल्या पोचल्या जवानांच्या विरंगुळ्याच्या खोलीत गेला. तिथे पियानो होता. डोक्यात घोळणारी सुरावट त्यानं त्यावर शोधली. तेवढ्यात पहाऱ्याची वेळ झाली. बाहेर कडाक्याची थंडी, काळोख आणि वर चांदणं. त्या रात्रीच्या पहाऱ्यात गाण्याचे शब्द जुळले. ही हकीकत फ्रेडनं पुढे अनेकदा सांगितली.

ती मुलगी कॅलिफोर्नियाला गेली ती परतली नाही.

[तळघर. रिकाम्या खुर्च्या. कोपऱ्यात उभा पियानो.]

आता पुन्हा इथे. या गाण्याची बांधणी नीट ऐकण्यासारखी आहे. चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे चार गुच्छ, गोल फिरणारे. त्या काळच्या निम्म्याअधिक डू-वॉप गाण्यांत हेच चार भेटतात. ठेका संथ, आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन बारीक ठोके. आपला तबलजी त्याला तिस्र जात म्हणेल. पियानो ते तीन-तीन ठोके देत राहतो, त्यामुळे गाणं झुलतं. ड्रम कुठेतरी मागे, जणू शेजारच्या खोलीत. स्टुडिओतल्या जाणत्या माणसानं तो आवाज पुढे आणला असता, स्वच्छ केला असता. इथे ते झालं नाही, आणि माझ्या मते गाण्याचं भाग्य तिथेच उजळलं. ऐकताना आपण एका खोलीत आहोत असं वाटतं. खोलीला भिंती आहेत, आवाज त्यांना लागून परत येतो.

[ध्वनी: झील स्वतंत्रपणे. पडद्यावर लाटेसारखी हलणारी ध्वनिरेषा.]

खर्जात जिम फ्रीमन. त्याच्यासोबत अल डेन्बी आणि एड मार्टिन. आणि समोर फ्रेड. मोजलंत? चारच. नाव फाइव्ह सॅटिन्स, पण त्या दिवशी गायले चौघे. फ्रेडचा आवाज बघा: तो कुठेही ओरडत नाही. वरच्या सुराला पोचतो तेव्हाही तक्रारीचा सूर लावत नाही. रात्री घरातली माणसं झोपली असताना कुणी हळू गावं, तसा तो गातो. गाण्याच्या मध्यावर मॅझेटाचा सॅक्सोफोन येतो, आणि त्याच्या मागे ही पोरं चक्क 'डू-वॉप, डू-वाह' म्हणतात. या गायकीचं नाव इथूनच पडलं, असं मानणारे बरेच आहेत. हेच अक्षर त्याच्या आदल्या वर्षीच्या एका गाण्यातही ऐकू येतं, तेव्हा पैज लावण्यात अर्थ नाही. पण ऐका ना. तळघराच्या भिंतीवरून परत आलेलं ते 'वाह' दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर नाही.

[45 फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड. बोटं ती उलटी करतात.]

ही रेकॉर्ड प्रथम काढली स्टॅंडॉर्ड नावाच्या स्थानिक कंपनीनं. कंपनी म्हणजे मार्टी कुगेल आणि टॉम सोकिरा, न्यू हेवनचेच दोन तरुण. त्यांनी दर्शनी बाजूला 'द जोन्स गर्ल' हे दुसरंच गाणं ठेवलं. आपलं गाणं मागच्या बाजूला. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून लावली तेव्हा कुठे लोकांच्या कानावर ते पडलं. मग न्यूयॉर्कच्या एंबर कंपनीनं ते घेतलं. कोल पोर्टर या प्रख्यात संगीतकाराचं याच नावाचं गाणं आधीपासून होतं, घोटाळा नको म्हणून एंबरनं 'इन द स्टिल ऑफ द नाइट'च्या आधी कंसात 'आय विल रिमेंबर' असे शब्द जोडले. 'नाइट'चं स्पेलिंगही बदललं.

[एंबरचं लेबल जवळून. अक्षरं फिरतात, वाचता येत नाहीत.]

1956 च्या शरद ऋतूत हे गाणं रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत तिसऱ्या क्रमांकावर आणि पॉपच्या यादीत चोविसाव्या क्रमांकावर पोचलं. त्या वेळी फ्रेड पॅरिस जपानमध्ये होता. सैन्यात. अमेरिकाभर त्याचा आवाज वाजत होता आणि तो समुद्रापार कवायत करत होता. गटाला कार्यक्रमांची बोलावणी येत होती, म्हणून त्याच्या जागी बिल बेकर हा गायक उभा राहिला. 1957 चं 'टू द आयल' हे गाजलेलं गाणं बेकरच्या आवाजात आहे. बेकर उत्तम गायचा, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण रंगमंचावर उभ्या त्या माणसांकडे बघून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की ज्यानं ते पहिलं गाणं लिहिलं आणि गायलं तो इथे नाही?

[1973 च्या 'लेट द गुड टाइम्स रोल' या चित्रपटातली झलक: फाइव्ह सॅटिन्स, रंगमंचावर.]

1958 मध्ये तो परतला आणि गट पुन्हा बांधला. 1960 आणि 1961 मध्ये तेच जुनं गाणं पुन्हा यादीत चढलं. एकच रेकॉर्ड, तीनदा. फ्रेडनं रेस्टलेस हार्ट्स नावानं गाऊन पाहिलं, 1970 च्या दशकात ब्लॅक सॅटिन नावानं पाहिलं. लोक आले ते त्या एका गाण्यासाठी. 2003 मध्ये गटाला व्होकल ग्रुप हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

[कोलाज: कॅसेटचं आवरण, सिनेमागृहाचा फलक, रेडिओची तबकडी फिरवणारा हात.]

1987 मध्ये 'डर्टी डान्सिंग' या चित्रपटानं ते नव्या पिढीला ऐकवलं. 1992 मध्ये बॉइज टू मेन या गटानं पुन्हा गायलं आणि ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. 2019 चा 'द आयरिशमन' हा चित्रपट याच गाण्यानं सुरू होतो. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर श्रोत्यांच्या आवडीच्या पाचशे जुन्या गाण्यांच्या यादीत ते वर्षानुवर्षं पहिलं यायचं.

फ्रेड पॅरिस जानेवारी 2022 मध्ये गेला. वय 85.

[तळघर. दिवे एकेक मालवले जातात. पायऱ्यांवरचा उजेड तेवढा राहतो.]

आता आम्ही बोलायचं थांबतो. गाणं सुरुवातीपासून लावलं आहे. फ्रेडचा आवाज यायच्या आधी त्याच्या दोस्तांचे आवाज येतील. ते आधी ऐका.

[शू-डू, शूबी-डू. पूर्ण गाणं. नावं वर सरकतात.]