दुखणे कोपराचे, दोष सीटचा

अध्यक्ष महोदय आणि सायकलस्वार मित्रहो,

मराठी भाषेने बळाचे सारे श्रेय मनगटाला दिले आणि कोपराच्या वाट्याला काय ठेवले, तर नमस्कार, खळी आणि गूळ. नकोशा माणसाला आपण कोपरापासून नमस्कार करतो, टोमणा मारायचा तर कोपरखळी मारतो आणि कुणाला नुसतेच आशेला लावायचे असेल तर त्याच्या कोपराला गूळ लावतो. सायकलवर मात्र या उपेक्षित सांध्याला मोठे काम असते. खड्ड्याचा धक्का पुढच्या चाकातून फोर्कात, फोर्कातून हॅण्डलात आणि तेथून तळहातात येतो. कोपर जरासे वाकलेले असले तर तो तेथे बराचसा जिरतो, आणि हात काठीसारखा ताठ असला तर सांध्याला हिसका देऊन खांद्यापर्यंत जातो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘हॅण्डलची जुळणी’ असा छापला आहे. तिकडे मी येणारच आहे. परंतु कोपराचे दुखणे पुष्कळदा सीटपाशी सुरू होते, असे माझे ठाम मत आहे आणि ते आधी ऐकवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

या मतापर्यंत मी वाचून आलो नाही, दुखून आलो. रोज वीसेक किलोमीटर सायकल चालवू लागल्यानंतर तिसऱ्या महिन्यात माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी ठणका सुरू झाला. पुढे भरलेली बाटली उचलताना आणि दाराची मूठ पिळतानाही कळ येऊ लागली. डॉक्टरांनी ‘टेनिस एल्बो’ असे निदान केले. जन्मात रॅकेट न धरलेल्या माणसाला हा सन्मान जरा अवघडच वाटला. नंतर कळले की हेन्री मॉरिस या शल्यचिकित्सकाने १८८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ‘लॉन टेनिस आर्म’ हा शब्द वापरला, तो घोडेस्वारांच्या मांडीतील ताणाविषयी लिहिताना, केवळ तुलनेसाठी. म्हणजे मूळ विषय स्वारीचाच होता. नाव तेवढे टेनिसने पळवले.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेले असतात, आणि मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी त्यांनाच ताणून धरावे लागते. तासभर हॅण्डल घट्ट धरले, त्यातच मनगट मागे मुडपलेले राहिले, की दिवसेंदिवस त्या एकाच जागी ओढ बसते. हे समजल्यावर मी शहाण्यासारखे वागायला हवे होते. मी खरेदी केली. जेल भरलेले हातमोजे आणले, जाड ग्रिपा आणल्या, कोपराला बांधायचा पट्टा आणला, आणि हॅण्डल जवळ यावे म्हणून सीट रुळांवर पार पुढे सरकवली. यातले शेवटचे तर शुद्ध अज्ञान होते. सीट पुढे गेली की कमरेवरचे वजनही पुढे जाते आणि त्याला आधार देण्याचे काम हातांवर पडते. दुखणे वाढले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी तीन महिन्यांची कहाणी आहे.

खरा चोर माझ्या भाच्याने पकडला, तोही खेळता खेळता. मी सायकल उभी करून चेन पुसत होतो. त्याने सीटवर एक पुठ्ठ्याची वही आडवी ठेवली आणि वहीवर एक गोल पेन्सिल. पेन्सिल गडगडत हॅण्डलच्या दिशेने जाऊन खाली पडली. त्याने पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. फरशीला उतार असेल म्हणून मी सायकल तोंड फिरवून त्याच जागी उभी केली. तरी पेन्सिल हॅण्डलकडेच गेली. तेव्हा आठवले की बसायला टोचते म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने मीच सीटचे नाक खाली केले होते. प्रत्येक पॅडलबरोबर मी केसभर पुढे घसरत होतो आणि हात ताठ करून स्वतःला मागे ढकलत होतो. पाऊण तासाच्या प्रवासात हे किती वेळा घडले असेल, याचा हिशेब आपण करावा. मला तो करवत नाही.

त्या संध्याकाळी सीट समपातळीत आणली आणि पुन्हा मूळ खुणेपर्यंत मागे सरकवली. उंचीही पाहिली. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरतो. सीट याहून फार उंच असली की कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि तोल सांभाळायला पुन्हा हातच धावतात. महिनाभरात कोपराची कळ ओसरली. मधल्या काळात फिरणे मी निम्मे केले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विश्रांतीचे श्रेय पेन्सिलीला देऊन चालणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: पाच मिनिटे. तेव्हा पत्रिकेतला विषय आता घाईने.

हॅण्डल फार लांब किंवा फार खाली असेल तर कोपर वाकायला वावच उरत नाही. स्टेम, म्हणजे हॅण्डल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा, लांबीत साधारण दहा मिलिमीटरच्या फरकाने मिळतो. आखूड आणि थोडा वर उचललेला स्टेम बहुतेकांना पुरतो. बोल्टापाशी तो किती जोराने आवळायचा याचा आकडा छापलेला असेल तर तेवढाच आवळावा. जुन्या धाटणीच्या सायकलीत स्टेमच्या उभ्या दांडीवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या बाहेर कधीही दिसता कामा नये. हॅण्डलची रुंदी सुमारे खांद्यांएवढी असावी.

ब्रेकची पाती अशा कोनात फिरवावीत की बोटे त्यांवर ठेवली असता कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा राहील. पाते बोटांना दूर पडत असेल तर पुष्कळ ब्रेकांवर ते जवळ आणण्याचा बारीक स्क्रू असतो, आणि तो बहुधा कुणी हात न लावलेला असाच सापडतो. टायरच्या कडेवर छापलेला हवेचा मोठा आकडा ही मर्यादा असते, आज्ञा नव्हे. फ्रेममध्ये जागा असेल तर रुंद टायर घेऊन हवा थोडी कमी ठेवावी. बदल एका वेळी एकच, तोही पाच मिलिमीटरचा, आणि जुन्या जागी चिकटपट्टीची खूण करून.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तो मज्जातंतूवरच्या दाबाचा प्रकार आहे. तेथे पाना बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सायकल चालवणे सोडून दिल्यावरही कोपर दुखतच राहिले, तरी हेच.

अध्यक्ष उठून उभे राहिले आहेत, म्हणून थांबतो. ज्यांच्या सायकली बाहेर उभ्या आहेत त्यांनी पाच मिनिटे थांबावे. वही आणि पेन्सिल मी बरोबर आणली आहे.